खंडेनवमीची एअरगन

दिवाकरभाऊजींविषयी मी चांगलं लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. वाईट लिहायला बसले तर तेही जमत नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिते.

झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. एक आमचं, आणि त्याला भिंत लावून दिवाकरभाऊजी आणि भानुवहिनींचं. भाऊजी रेल्वेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण नियम काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाले नाहीत. रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिवा दिसला की हा माणूस सायकलवरून उतरून उभा. मागून येणारे टेम्पोवाले शिव्या देत पुढे जायचे आणि हे हिरव्याची वाट बघत. माझी मयुरा लहान असताना त्यांच्या ओट्यावर बसून विचारायची, "काका, अपनी छत से दूसरे की छत पर गेंद गयी तो गेंद किसकी?" ते चष्मा पुसत, विचार करत आणि खरोखर उत्तर देत. मला हसू आवरायचं नाही.

अशा माणसाच्या घरात बंदूक आली ती खंडेनवमीमुळे. नवरात्राच्या नवव्या दिवशी शस्त्रं पुजायची ही त्यांच्या घरची रीत, त्यांचे पूर्वज इकडे कारभारी म्हणून आले तेव्हापासूनची. घरात एक तलवार होती. ती आजोबांनी परवान्याच्या भीतीने ठाण्यात जमा केली आणि पुढे कित्येक वर्षं पाटावर विळी, कात्री आणि भाऊजींची रेल्वेची हिरवी-लाल झेंडी एवढंच मांडलं जायचं. भाऊजींना ते फार लागायचं. "वसुंधरावहिनी, विळी हे काय शस्त्र झालं?" म्हणायचे. मग त्यांनी कायदा वाचला. वाचला म्हणजे पाठ केला. शेवटी दुकानात आधारकार्डाची प्रत देऊन एअरगन घेऊन आले आणि आधी आमच्याच घरी दाखवायला आणली.

"पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअर, जोर वीस ज्यूलच्या आत. परवाना लागत नाही!"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणू शकले असते. निवडणूक लागली आणि गावातल्या परवानेवाल्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होऊ लागल्या, तेव्हा भाऊजीही आपली घेऊन गेले. शिपाई म्हणाला, "अरे बाबूजी, जे तो छर्रावाली है, घरै ले जाओ." अपमान झाल्यासारखे परत आले.

वर्षातून एक दिवस पूजा आणि बाकीचे दिवस माकडं. आमच्याकडे माकडांचा उच्छाद असा की गच्चीवर वाळत घातलेली साडीसुद्धा टिकत नाही. टोळी आली की गल्लीतून हाका सुरू, "ओ छर्रेवाले दद्दा, बंदरा आ गए!" भाऊजी बंदूक घेऊन वर. पण माकडावर छर्रा कधी म्हणून मारला नाही. मुक्या प्राण्याला इजा करणं गुन्हा आहे, तेही त्यांना पाठ होतं. गच्चीच्या कोपऱ्यात वाळूची गोणी, तिच्यापुढे पत्रा टांगलेला. पत्र्यावर छर्रा मारायचा, ठण्ण आवाज झाला की माकडं पसार. गच्चीवर कुणी असेल तर मारायचं नाही. खाली येताना बंदूक रिकामी करूनच यायचं. जुना नमुना, तिला चाप अडवायची कळ नव्हती, म्हणून ते जास्तच जपायचे. एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि म्हणूनच मला आजही ते खरं वाटत नाही.

त्या वर्षी मयुरा इंजिन ड्रायव्हरची, म्हणजे सहायक लोको पायलटची, परीक्षा पास झाली. तिचा अभ्यास भाऊजींनीच घेतला होता. आता फक्त मेडिकल उरली होती. झाशीत रेल्वेच्या घरात वाढलेल्या पोरीने इंजिनावर चढायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. तिचे बाबा बीना जंक्शनला ड्यूटीवर होते, तिथे त्यांनी सगळ्या लॉबीला, म्हणजे हजेरीला आलेल्या झाडून साऱ्या ड्रायव्हर-गार्डांना, पेढे वाटले.

खंडेनवमीला सकाळी वहिनींनी हाक मारली, "मयुरा, ये गं, शस्त्रांना नमस्कार कर. आता तू पण रेल्वेवाली झालीस." आम्ही दोघी गेलो. पाटावर लाल कापड, झेंडी, विळी, कात्री, मध्ये बंदूक. तिच्यावर गंध, अक्षता, झेंडूची माळ. माळेचा दोरा चापाच्या कड्यातून ओवून घेतला होता. बंदुकीचं तोंड आमच्या बाजूला. मी ते बघितलं. बघूनसुद्धा मनात काही आलं नाही. घरात देवासमोर मांडलेल्या वस्तूची कुणाला भीती वाटते का हो?

मयुरा गुडघे टेकून वाकली. तेवढ्यात वहिनींना माळ एका बाजूला सरकलेली दिसली. "थांब, नीट करते," म्हणत त्यांनी दोरा ओढला.

फुगा फुटावा तेवढाच आवाज झाला. मयुरा ओरडलीसुद्धा नाही. डाव्या डोळ्यावर हात ठेवून "आई" म्हणाली, साध्या आवाजात, पाणी मागावं तशी. मग तिच्या बोटांतून रक्त आलं. वहिनी हातात तुटलेली माळ धरून उभ्या होत्या आणि एकच बोलत होत्या, "ती तर रिकामी असते. ती तर रिकामी असते ना हो?" भाऊजी भिंतीला टेकले होते. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

इस्पितळात मयुराला आत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं? मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "एयरगन. पॉइंट वन सेव्हन सेव्हन. इसका लाइसेंस नहीं लगता." माझ्या पोरीचं रक्त त्यांच्या सदऱ्यावर होतं, आणि हा माणूस बोअर सांगत होता! मी त्यांच्या अंगावर धावून गेले. नर्सने मला धरलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, लायसन्स लागो न लागो, पोलिसांना कळवावंच लागेल.

ऑपरेशन आटोपलं. डॉक्टर बाहेर आले. "आँख बच गयी है. रोशनी का पता चलेगा, पर उस आँख से पढ़ नहीं पाएगी." वहिनींनी हात जोडले, मीही जोडले. डोळा वाचला एवढंच माझ्या कानात शिरलं. दिवाकरभाऊजी मात्र मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मला कळेना, आता का रडतात? इंजिनवाल्याच्या मेडिकलला काय लागतं ते तिथे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

दरोगा, म्हणजे ठाण्याचा फौजदार, आला. वयस्कर, समजूतदार वाटला. सगळं ऐकून म्हणाला, "लाइसेंस का केस तो बनता नहीं. लापरवाही का बनेगा, अगर किसी को मालूम था कि भरी हुई है. किसी को मालूम था?"

वहिनींनी मान हलवली. मीही. कुणाला माहीत असणार? हा अपघात होता, वहिनींच्या हातून झालेला, असंच मी धरून चालले होते. भाऊजींनी नुसतं "नहीं" म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

"मुझे मालूम था," भाऊजी म्हणाले.

सकाळी माकडं आली होती. भाऊजींनी छर्रा भरला, आणि त्यांना बघूनच टोळी पळाली. खाली वहिनी पूजेसाठी घाई करत होत्या, तशीच पाटावर ठेवली. गंध लावल्यावर आठवलं. पण एकदा पुजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही घराण्याची रीत. आणि भरलेली बंदूक रिकामी करायची तर ती उडवावीच लागते. "मैंने सोचा, एक ही दिन की तो बात है. कौन हाथ लगाएगा." वहिनींना घाबरवायचं नाही म्हणून तोंडातून अक्षर काढलं नाही.

लाल दिव्याला थांबणारा माणूस! सरकारचे सगळे नियम पाळले, आणि रीत मोडायला हात धजला नाही. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू हा कोणी परका माणूस त्यांच्या शेजारी येऊन बसला आहे. दरोगाने पुन्हा विचारलं, "सोच लीजिए, बाबूजी. यही लिखूँ?" भाऊजी म्हणाले, "हाँ. इनके हाथ से नहीं हुआ. मेरे हाथ से हुआ. लिखिए."

दुसऱ्या दिवशी दसरा. मयुरा नीट शुद्धीवर आली होती. अर्धा चेहरा पट्टीखाली. भाऊजी दाराबाहेर उभे होते, आत यायची मी त्यांना परवानगी दिली नव्हती. पण तिने उघड्या डोळ्याने त्यांना पाहिलं.

"काका, बाहर क्यों खड़े हो? मेडिकल की डेट आगे करवा सकते हैं ना? अर्जी किसके नाम लिखनी है?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोला, मनातल्या मनात म्हणत होते. एवढं एकदा खोटं बोला.

भाऊजी आत आले. तिच्या पायाशी, जमिनीवर बसले. मराठीत बोलले, जी ती समजते पण बोलत नाही.

"इंजिनाला दोन्ही डोळे लागतात, बाळा. चष्म्याशिवाय, सहा बाय सहा. अर्ज करून उपयोग नाही."

मयुराने उशीवर मान फिरवली, पट्टीची बाजू त्यांच्याकडे केली आणि मला म्हणाली, "आई, इनसे कहो घर जाएँ."