मधुकरने रंगवलेले आजोबा

मधुकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत होते. हातातली पट्टी पूर्ण बांधली, हात धुतले आणि निघाले. मधुकर माझा धाकटा भाऊ. वाशीमच्या बसस्टँडसमोर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिथेच, डोळ्याला भिंग लावलेलं असताना, तो खुर्चीत कलंडला. पुढे शोकसभा झाली. जो उठला तो म्हणाला, जुन्या घड्याळांचा असा जाणकार पुन्हा होणे नाही. एका ठेकेदाराने तर मनगट वर करून सांगितलं, "माझ्या आजोबांचं हे घड्याळ मधुकररावांनी जिवापाड जपलं." मी पहिल्या रांगेत होते. त्या घड्याळाचा जन्म माझ्या स्वयंपाकघरात झाला होता...

मधुकर घड्याळं दुरुस्त करायचा हे अर्धंच खरं. खरा धंदा वेगळा होता. कारखान्यातून आलेलं नवं घड्याळ घ्यायचं, त्याची तबकडी काढून घासायची आणि तिच्यावर जुनी तबकडी रंगवायची. सायीसारखा रंग, बारीक रोमन आकडे, कडेने रेल्वेच्या रुळांसारख्या दोन रेघा. खाली सेकंदांचं छोटं वर्तुळ, आणि त्यातला काटाही रंगवलेलाच. मग माझ्या पातेल्यातल्या उरलेल्या चहात बोळा बुडवून तबकडीवर फिरवायचा आणि ती उन्हात ठेवायची. संध्याकाळपर्यंत खानदानी माल तयार. गिऱ्हाईक म्हणजे नुकतेच पैसे पाहिलेले लोक: ठेकेदार, ट्रकवाले, नवे साहेब. त्यांना घर मिळालं, फटफटी मिळाली, आता घड्याळ वापरणारा आजोबा हवा होता.

"आपला आजोबा धनज गावाले सालगडी होता," मी त्याला म्हणायची. "सावली पाहून कामाले जाये. जुनं टाकायसाठी आपण बुद्धाची दीक्षा घेतली, अन् तू जुनं बनवून विकून राह्यला?"

"लोकायले आजोबा पाह्यजे, ताई. मी देतो. तुले काहून जळजळ होते?"

जळजळ नव्हती, किळस होती. विकत घेणाऱ्यांची आणि त्याचीही.

मग माझ्या शालिनीला पाहायला पाहुणे आले. मुलगा, प्रकाश, पाटबंधारे खात्यात कारकून होता. शांत वाटला. त्याचे वडील मात्र बसल्या बसल्या बाही सारायला लागले. "हे आमच्या बाबाचं घड्याळ. मालगुजाराच्या बग्गीत संगं बसत बाबा. तवाचं हाय."

मी तबकडी पाहिली आणि ओळखली. अकोल्याच्या एका दुकानदाराला मधुकर असा माल पुरवायचा, तिथूनच आलेलं असणार. मामा म्हणून मधुकर समोरच बसला होता. मला वाटलं, आता हा लाजेने मान खाली घालेल. त्याने खिशातून भिंग काढलं!

"वा! काय आकडे हायेत! असं काम आता होत नाई, दादा. त्या कारागिराचा हात पाहा..."

माझ्या मुलीचं आयुष्य ठरत होतं आणि तिचा मामा स्वतःच्या हाताची आरती ओवाळत होता. मला एवढंच कळत होतं की, जो मेलेल्या बापाबद्दल खोटं बोलतो, तो मुलाच्या पगाराबद्दल आणि दारूबद्दल खरं कशाला बोलेल? अशा घरात मी पोर देणार नव्हते. आणि मुलगाही तसाच आहे का, ते चहा संपायच्या आत मला कळायला हवं होतं.

"दादा, हा छोटा काटा चालत नाई वाटते?" मी विचारलं.

"जुना हाय ना बाई, दमला."

"हाव, जुन्यात होते असं," मधुकरने री ओढली.

मी मुलाकडे वळले. "प्रकाशराव, तुमचे आजोबा काय करत होते?"

प्रकाशने पोह्यांची बशी खाली ठेवली. "सालगडी होते. हे घड्याळ बाबांनी मागच्या साली अकोल्याहून आणलं."

"चूप बस बे!" वडील ओरडले. आणि एवढं झाल्यावरही मधुकर म्हणाला, "पण डायल जुनीच हाय!"

आतल्या दारामागे शालिनी खळखळून हसली. लग्न त्या हसण्यावर ठरलं.

मधुकरने लग्नापर्यंत माझ्याशी अबोला धरला. मामाचा आहेर म्हणून जावयाला घड्याळ द्यायचं होतं, आणि हा मांडवात आणखी एक आजोबा आणून बसवतो की काय, याची मला धास्ती होती. त्याने आहेराची डबी उघडली. पांढरीशुभ्र तबकडी, साधे सरळ आकडे, छोटं वर्तुळ नाही. कंपनीचं नाव असतं तिथे त्याच्या किंचित कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, "मधुकर, वाशीम".

"हे कसं काय सुचलं तुले?"

"तुहा जवाई कुठंयी खरं सांगते व ताई. भेव वाटते त्याचं."

म्हणजे पश्चात्ताप नव्हे, भीती. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे उरलेला चहा मागायला आला. शेवटपर्यंत तो आजोबा विकत राहिला, आणि घेणारे घेत राहिले. शोकसभेत बोलले ते हेच.

गेल्या रविवारी शालिनी आणि प्रकाश जेवायला आले होते. हात धुताना प्रकाशने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. रोजच्या घामाने, उन्हाने तबकडीच्या कडा पिवळ्या पडायला लागल्या आहेत. आपोआप.

"आई, खराब होऊन राह्यली डायल," तो म्हणाला. "मामा तर गेले. दुसरं कोणी रंगवून देईन का?"

मी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. अक्षर अजून ठळक होतं.

"राहू द्या तशीच," मी म्हटलं. "तुमच्या नातवाले लागन."