उघडी कालवं

यमुनाबाईच्या नवऱ्याला उलट्या लागल्याचा निरोप आला, तेव्हा मी एका रुईच्या व्यापाऱ्यासाठी कालवं उघडत होतो.

नांदुऱ्याला समुद्र नाही. पण स्टेशनसमोरच्या आमच्या हॉटेलाच्या भिंतीवर मालकाने निळ्या लाटा रंगवून घेतल्या होत्या. कापसाच्या हंगामात मुंबईचे खरेदीदार उतरत, आणि मेलगाडीने ओल्या गोणपाटात, बर्फावर, कालवांचं पार्सल येई. पाटीवर ‘ताजा माल’.

कालव म्हणजे शिंपल्यातला जीव. तो जिवंत, कच्चाच खातात. जीव असेतो शिंपला घट्ट मिटलेला राहतो. आपोआप उघडला, की आतलं मेलं; मग ते विष. प्रत्येक पार्सलात अशी थोडी निघतातच.

मुंबईत मी हे काम शिकलो, तिथे त्यांना सरळ ‘मेलेली’ म्हणत. इथे भटारखाना आणि टेबलं यांच्यामध्ये नुसता बांबूचा तट्ट्या. मालकाने बजावलं, “मेलं-बिलं गिऱ्हाइकाच्या कानावर जायला नको. उघडी म्हणायचं.”

यमुनाबाई शेतात कापूस वेचणारी. तिला कालवं निवडायला बसवलं. मिटलेली टेबलावर, उघडी बाहेर, एवढंच मालकाने तिला सांगितलं. ती म्हणायची, “तुमचे सायेब लोक हिरवं बोंड खातेत अन् फुटलेलं फेकून देतेत.” आम्ही हसायचो. ती चेष्टा करत नव्हती.

तिचा नवरा नुकता तापातून उठला होता. साहेबांचं खाणं, अंगात ताकद येईल, म्हणून तिने उघडी कालवं पदरात बांधून नेली आणि तिखट घालून कालवण केलं.

मी डॉक्टरला घेऊन पोचलो. काय खाल्लं होतं, असं डॉक्टरने विचारलं. तिने धुऊन रचून ठेवलेले शिंपले दाखवले. संध्याकाळच्या आत माणूस गेला.

“पिकलं म्हन्जे बोंड फुटतेच ना, भाऊ,” ती मला म्हणाली. “मेलेले हायेत, हे काऊन नाही सांगतलं?”

मालकाने आम्हाला ‘तापाने गेला’ असं सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी नवं पार्सल आलं. मी गोणपाट थेट टेबलांमध्ये ओढून नेलं आणि तिथेच निवडायला बसलो. हे मेलं. हेही मेलं. खाणाऱ्यांचे हात थांबले.

“हळू बोल,” मालक म्हणाला.

“हळूच बोलत होतो आजवर.”

दुपारी माझी नोकरी गेली. हॉटेल चालू आहे, लाटांना नवा रंग लागलाय. या धंद्यातल्यांना माझं एकच सांगणं. चाकू धरायला नंतर शिकवा. नव्या माणसाला आधी ‘मेलेलं’ हा शब्द सांगा.