घरटी की चूलबंद

वामन आचाऱ्याच्या लीलाधरला नागपूरला जायचं होतं. तिथे कॉलेज शिकायचं आणि मग सरकारच्या प्रसिद्धी खात्यात लागायचं. सरकारचं म्हणणं लोकांना पटवून द्यायचं आणि वर पगार घ्यायचा, अशी नोकरी असते हे बुऱ्हाणपुरात तेव्हा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, कुणाला ठाऊक? गोदाबाईला, त्याच्या आईला, वाटायचं पोरगा दवंडीवाला होणार. "मग नागपूरला कशाला रे जातोस? ढोल इथेही मिळतो!"

तयारी मात्र जोरात. सकाळी राजघाटावर उभा राहून तापीला भाषण द्यायचा. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी ऐकायच्या. एखादी मान हलवायची, तेवढ्यावर हा दिवसभर खूश. टोपी तिरकी, बोलणं छापील, आणि बाप काय करतो असं कुणी विचारलंच तर "कॉन्ट्रॅक्टर" म्हणायचा. वामनच्या अंगाला बाराही महिने गोवऱ्यांच्या धुराचा वास. लग्नाकार्यात वरण आणि निखाऱ्यावर भाजलेली कणकेची बट्टी करावी तर त्यानेच. कुणी सांगायला आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "आवतण कसं दिलं? घरटी की चूलबंद?" घरटी म्हणजे घरामागे एक माणूस येणार. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटणार नाही, पाळण्यातल्या लेकरासकट सगळे येणार. पीठ त्यावर भिजायचं. लीलाधर हे ऐकतच मोठा झाला. पण बापाच्या धंद्यातलं काही डोक्यात ठेवायचंच नाही, असं त्याचं ठरलेलं.

कॉलेजची फी माफ व्हायची तर बड्या माणसाची शिफारस हवी. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "पटकीची साथ नदीकाठाने खालच्या गावांतून वर येतेय. पलीकडे जैनाबादला सुई टोचायची आहे. सगळं गाव आणून दाखव, त्याच दिवशी शिफारस लिहितो. नाही जमलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

लीलाधर होडीने पलीकडे गेला. अक्षता घेऊन दारोदार फिरला, दारोदार भाषण दिलं. "शनिवारी मारुतीच्या पारावर यायचं बरं का, आग्रहाचं आवतण आहे!" लोकांनी अक्षता घेतल्या, हो म्हणाले.

शनिवारी खरंच आले की. घरटी एक. आणि तेही कोण? ज्याला आवतणाला पाठवायची रीत, तो घरातला म्हातारा. पांढरे फेटे बांधून पारावर ओळीने बसले. साहेबांची मोठी पेटी बाटल्यांनी भरलेली, न् समोर हे एवढेच.

"बाकीचे कुठे आहेत?" लीलाधर ओरडला.

"बाकीचे कशाला?" ओळीतला सुपडूबाबा म्हणाला. "आमच्या घरचा मी आलो ना भो! तू चूलबंद कुठे म्हणाला होता?"

लीलाधरने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. म्हशींसमोर कधी अडला नव्हता.

साहेबांनी पेटी बंद केली. "बुधवारी पुन्हा येतो. शेवटचं."

आता चूलबंद म्हणायचं तर जेवण द्यावं लागणार. चूल विझवून आलेल्या माणसाला नुसती सुई टोचून परत धाडलं तर पुढे जैनाबादेत पाय ठेवायची सोय नाही. रात्री तो बापापुढे बसला.

वामनने सगळं ऐकलं. हसू आलं होतं, पण मिशीत ठेवलं. "शिधा त्यांनी आणायचा. भट्टी मी लावतो. पण बट्ट्या तू वळायच्या. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय, पडद्याआड?"

गोदाबाई म्हणाली, "टोपी काढून ठेव हो, पिठात पडेल."

लीलाधर पुन्हा दारोदार गेला. भाषण नाही, काही नाही. "बुधवारी चूलबंद. पीठ-डाळ तुमची, आचारी आमचा. आधी सुई, मग पान." बायांनी विचारलं, दुखते का? "दुखते," म्हणाला. "मी टोचून घेतलीय, हात दोन दिवस वर होत नव्हता." बाया हसल्या, न् एकमेकींना सांगत सुटल्या.

बुधवारी जैनाबादेत कुठल्या घरातून धूर निघाला नाही. बाया आल्या, सुना आल्या, लेकरं रडत आली. पेटी रिकामी झाली. साहेब लीलाधरला शोधत निघाले, तर तो भट्टीपाशी, कोपरापर्यंत पिठात, घामाने भिजलेला.

"तू इथे काय करतोस? आणि हे कोण?"

शिफारशीचा कोरा कागद साहेबांच्या खिशात होता. लीलाधरने एकदा त्या खिशाकडे बघितलं, एकदा बापाकडे.

"माझे वडील. आचारी आहेत."

"तू तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होतास!"

वामनने राखेतली बट्टी उलटली. "तोही मीच, साहेब. बट्ट्यांचा. बसा, पान वाढतो."

साहेब बसले. तूप ओतून तीन बट्ट्या खाल्ल्या, हात धुतले आणि तिथेच शिफारस लिहून दिली. कागदाला तुपाचा डाग पडला, तो तसाच नागपूरला गेला.

पुढे लीलाधर प्रसिद्धी खात्यात लागला, तिथेच म्हातारा झाला. कुठल्या गावी लोक जमवायचा हुकूम आला की वरच्या साहेबाला आधी विचारायचा, "घरटी की चूलबंद?" साहेब नवा असला की गोंधळायचा. मग हा खुर्ची पुढे ओढायचा आणि सुरुवात करायचा, "असं बघा साहेब, माझे वडील आचारी..."