अलकाच्या पर्समधला सातबारा

अलका आमच्यापासून काहीतरी लपवते आहे, याची मला दुसऱ्याच दिवशी खात्री पटली होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. हे आज लिहिलं नाही, तर कधीच लिहिणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आम्ही तिघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी सोलापुरात शिक्षिका, अलका तहसीलमध्ये क्लार्क, आणि शबानाचा नवऱ्याबरोबर गाड्यांचा धंदा.

शबानानं एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीट काढल्या. गाद्या टाकल्या, शेगडी बसवली, पाण्याचे दोन जार बांधले आणि जाहीर केलं, "ही आपली कॅरव्हॅन."

ऑस्ट्रेलियात म्हणे लोक अशा गाडीतच राहतात, रांधतात आणि दिवसच्या दिवस ओसाड माळावरून फिरतात. तिनं व्हिडिओ बघितला होता.

"मग आपला माळ काय कमी हाय का?" अलका म्हणाली. "चला, चार दिवस. नवरे घरी, पोरं घरी."

नळदुर्गला ढाब्यामागं ट्रकांच्या रांगेत गाडी लावून आम्ही पिठलं केलं. एका ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, मेस चालू केली का?" अलकानं त्यालाही वाढलं.

पण तिथूनच सुरू झालं.

फोन आला की ती लांब बाभळीखाली जाऊन बोलायची. मी जवळ गेले की, "ठेवते."

सोनारीला आम्ही दोघी काळभैरवाचं दर्शन घेऊन आलो, तर ही गाडीपाशी एका माणसाला रस्ता विचारत होती. मला बघून गप्प.

तिथून घरी परतायचं ठरलं होतं. तिनं शबानाला वाशी तालुक्याकडं वळायला लावलं.

वाशीच्या पुढं माझं माहेर आहे. तिथं मी नऊ वर्षं गेले नव्हते.

त्याच्या नऊ वर्षं आधी भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दादानं कागद पुढं केला. हक्कसोड. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा सोडल्याचा.

आपल्याकडं बहिणी सही करतातच. नाही केली तर माहेर तुटतं.

मी सही केली. आणि तरी तुटलं. मीच तोडलं.

वाशीच्या अलीकडं ऊन लागून माझं डोकं ठणकायला लागलं. गोळी शोधायला अलकाची पर्स उघडली.

आत घडी घातलेला सातबारा.

वर माझ्या गावाचं नाव. खाली आमचा गट नंबर. तो मला पाठ आहे.

पुढं वाचायची गरजच वाटली नाही.

"दादानं पाठवलंय ना तुला?"

"उलगडून तर बघ," अलका म्हणाली.

"काय बघायचं? परत सही पाहिजे असणार. पवनचक्कीवाल्यांना जमीन द्यायची असेल. दलाल झालीस तू, अलके."

शबानानं करकचून ब्रेक दाबला. "क्या बाता करती गे तू!"

अलकानं सातबारा घेऊन परत पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "शबाना, गाडी चालव."

त्या माळावर पवनचक्क्या आल्यापासून अनोळखी गाडी दिसली की लोक बांधावर उभे राहतात. आमच्या शेतापाशी पोचलो, तर वहिनी खुरपं घेऊन आडवी आली. मला ओळखणं शक्य नव्हतं. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल.

"कोण हाव तुमी? पवनचक्कीवाल्या का? गाडी मागं घ्या आधी."

अलका खिडकीतून वाकली. "व्हय, ताई. सही करता का?"

मला वाटलं, बघा, आता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

"जमीन न्हाय द्यायची. अन् नुस्ती आमची सही चालत बी न्हाय. नणंदेचं नाव हाय सातबाऱ्यावर."

"हक्कसोड घेतली न्हाय का तिची?"

"घेतली की. पर नोंदवलीच न्हाय मालकानं. म्हणले, सही करताना तिचं तोंड बघितलं म्या. न्हाय जमायचं."

"मग सांगायचं की तिला."

"कसं सांगावं? दारात येत न्हाय, फोन उचलत न्हाय. लई रागाची हाय."

मी स्कार्फ सोडला.

वहिनी बघतच राहिली. "अगं बया! वन्सं?" आणि मग एकदम चिडून, "तोंड बांधून कशाला आलाव? चोरावानी!"

दादा घरी आला, चपला काढल्या, पाय धुतले. मग दाराबाहेर बघत म्हणाला, "गाडीत एसी हाय का?"

मी "नाही" म्हणाले आणि रडायला लागले.

सातबारा मोबाईलवरही बघता येतो. नऊ वर्षांत मी एकदाही बघितला नाही. काय निघणार ते मला माहीत होतं ना!

परतताना अलकाला विचारलं, "आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, दादानं पाठवलं."

ते लांब जाऊन केलेले फोन गावातल्या कोतवालाला होते. दादा-वहिनी त्या दिवशी गावातच आहेत ना, एवढं विचारायला.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. शबाना गाणी लावून बसली होती. म्हटलं, फोनवर बोलू.

पुढं वर्षभर फोनवर आम्ही सगळं बोललो. लोणची, बदल्या, गुडघे, सासवा. तेवढं एक राहिलं.

मग एका सकाळी ऑफिसचा जिना चढताना तिला अटॅक आला.

तिनं मला मनातून माफ केलं होतं, की राग नुसता बोलून दाखवला नव्हता? हा संशय आता कुणाला विचारू?

अलके, शबानासमोर मी तुला दलाल म्हणाले होते.

आज सगळ्यांसमोर तो शब्द परत घेते.

चुकलं माझं.

नीट जा, बाई.