छावणीतला बत्तिसावा माणूस

आमचे सासरे माणसं मोजायचे. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, तेव्हाची सवय. रिटायर झाले तरी गेली नाही. लग्नाची पंगत असो, मयत असो की बुद्धविहार, मामांचं बोट हवेत हलायला लागलंच. मला पाहायला माझ्या माहेरी, धावड्याला आले, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी त्यांनी ओसरीतली माणसं मोजली आणि म्हणाले, "सतरा. चहा सोळाच आले." राहिलेला कप माझ्या काकांचा होता. ते अजून बोलून दाखवतात.

अख्खं जाफराबाद त्यांना कंडक्टर मामा म्हणायचं. पण खरी मोजणी व्हायची ती रोज सकाळी आमच्या बैठकीत, एका जुन्या चित्रासमोर. इंग्रजांच्या काळातली फौजेची छावणी, जलरंगात काढलेली. पांढरे तंबू, मागे टेकडी, घोडे आणि ज्वारीच्या दाण्याएवढी माणसं. जालन्याच्या एका भंगारवाल्याला सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ देऊन मामांनी ते आणलं होतं. सासूबाई त्या चित्राला 'माझं घंगाळ'च म्हणायच्या. मामा चहाचा कप हातात घेऊन काचेवरून बोट फिरवायचे. "माणसं बत्तीस. घोडे अकरा. कुत्रं एक. बराबर!" मगच पहिला घोट.

कोपऱ्यातला बत्तिसावा माणूस म्हणजे त्यांचे पणजोबा. पणजोबा जालन्याच्या छावणीत शिपाई होते, असं मामांच्या आजीनं सांगितलेलं. बस, एवढाच पुरावा. मी एकदा विचारलं, "पण मामा, हेच कशावरून? तोंड तर दिसत नाही."

"तोंड कशाला पाह्यचं? उभं कसं राह्यलंय ते बघ. एका पायावर भार, दुसरा गुडघा ढिला. आमच्या खानदानाबाहेर असं कोण उभं राह्यतं?" आणि तसं उभं राहून दाखवलं. मी हसले. मामा हसले नाहीत. "सूनबाई, त्याचा सातबारा न्हाई, फोटू न्हाई, कुठल्याच कागदावर नाव न्हाई. ह्या एका कागदावर त्यो उभा हाये. म्हणून रोज बघतो, हाये का गेला."

आणि त्याला घालवलं कोणी? मीच! लग्नानंतरचं पहिलं वर्ष. चौदा एप्रिलसाठी घर रंगवायला काढलेलं. पेंटर भिंत दाखवून म्हणाला होता, "ताई, भारीतला कलर हाये. ओलं फडकं मारा, चकाचक." तेवढं डोक्यात बसलेलं. चित्राच्या काचेआड एक झुरळ मरून पडलं होतं, म्हणून मी मागचे खिळे काढून काच बाजूला केली आणि यांना विचारलं, "हा कोणता रंग हो?" मोबाइलमधून मान वर न काढता हे म्हणाले, "वॉटर कलर." झालं! वॉटर कलर म्हणजे पाण्यानंच पुसायचा, असं माझ्या हुशार डोक्यानं ठरवलं. फडकं ओलं केलं आणि कोपऱ्यावरून एकच हात फिरवला. पणजोबा फडक्यावर आले.

यांनी ते पाहिलं आणि "मी जरा बाजारात जाऊन राह्यलो," म्हणत चपला घातल्या. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "गेलं का माझं घंगाळ?"

शेजारच्या पोरीची रंगपेटी आणली. पण पणजोबा नेमके दिसत कसे होते, ते आठवेना. खिडकीतून पाहिलं, तर मामा ओट्यावर पेंटरला अक्कल शिकवत उभे. एका पायावर भार, दुसरा गुडघा ढिला, खांद्याला कंडक्टरची जुनी चामडी पिशवी. भाजी आणायलासुद्धा तीच लागायची. म्हटलं, खानदान एकच ना? त्यांच्याकडे बघून काढून टाकलं. घाईत पिशवीही रंगवली आणि काच परत बसवली.

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी. "तीस... एकतीस..." बोट थांबलं. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, नाक काचेला टेकवलं. राहवेना, रडतच बाहेर आले. "मामा, मी पुसलं हो त्यांना. मुद्दाम नाही."

ते वळले नाहीत. "ह्याच्या खांद्याला पिशवी कुठून आली?"

"तुमचीच आहे."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. हसत होते! "बत्तीस. बराबर!" म्हणाले आणि चहा प्यायले. त्या दिवसापासून पाहुण्यांना सांगायचे, "पणज्या फौजेत बी कंडक्टरच होता. आमच्या सूनबाईनं शोधून काढलं."

गेल्या साली त्यांची तब्येत बिघडली. जालन्याला न्यायला जीप आली. आत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "खरं सांगू? त्यो पणज्याच होता का, मला बी ठाऊक न्हवतं. रोज शंका यायची, म्हणून रोज मोजायचो. पण तू काढलेला तर आपला हाये. बिलकुल आपला. आता कुणी न्हाई म्हणून दाखवावं." मग त्यांनी जीपच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, एसटीत डबल बेल द्यायचे तशी, आणि जीप निघाली. मामा परत आले नाहीत. मला फार आठवतात.

आता सकाळी मी मोजते, कोरड्या हातानं. घंगाळाचं नाव आता निघत नाही. सासूबाई आतून विचारतात, "हायेत का जागेवर?"

मी म्हणते, "हायेत."

मगच त्या चहाला हात लावतात.