बंद मशीननं दिलेली ओ

भुताखेतांच्या गोष्टी मला ऐकायला आवडतात, पण त्या खऱ्या म्हणून सांगणाऱ्याला मी आजवर हसतच आले. लग्न होऊन जऊळक्याला आले तेव्हा तर विचारूच नका… मॅट्रिक पास सून! गल्लीतल्या बायकांना ‘भूत म्हणजे मनाचा खेळ’ असं लेक्चर द्यायची. ते सिद्ध करायला एकदा भर दुपारी स्टेशनमागच्या पिंपळाखाली जाऊन बसले. वरून वटवाघूळ उडालं आणि ही विज्ञाननिष्ठ बाई एक चप्पल तिथंच टाकून घरी पळाली. उरलेली चप्पल सासूबाईंनी जपून ठेवली होती — पाहुण्यांना दाखवायला.

या सासूबाईंचं नाव सगुणा; मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांची एक रीत होती. बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, तिसरीलाच द्यायची. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतोच, म्हणायच्या. आणि एकदा ओ दिली की हाक मारणाऱ्यानं ‘काही काम नाही, जा’ असं तोंडानं म्हटल्याशिवाय जागच्या हलायच्या नाहीत. मी काय करायची — उगाच तीनदा हाक मारून कणगीमागे लपायची. त्या बिचाऱ्या उंबऱ्यावर उभ्या, “काय काम हाय व?” विचारत. अशी मी शहाणी. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आता यंदाची गोष्ट. घरात मी आणि माझी नात पल्लवी, दोघीच. पल्लू इंजिनिअर झाली आणि एका कंपनीत घरूनच करायच्या नोकरीसाठी तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. नोकरी मिळाली नाही तर ती पुण्याला बापाकडे, घराला कुलूप, आणि मी त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कुंडीतल्या तुळशीसारखी. म्हणजे परीक्षा तिची, पण निकाल माझा.

आदल्या दिवशी तिनं मला समजावलं. लॅपटॉपच्या आत एक दुसरी मशीन तयार करायची, दिसायला खोटी, पण काम खऱ्यासारखं. “त्या आतल्या मशीनले बाहेर जायचं तर लॅपटॉपच्याच दारातून जा लागते. ब्रिज केला का तिले राउटर वेगळा पत्ता देते.”

“म्हंजे भाडेकरूले सोताचं दार?”

“हो व आजी! तसंच.”

“मंग नाव काय ठेवलं तिचं?”

नाव ठरलं नव्हतं. माझ्या अंगात खोडी आली. म्हटलं, “सगुणा ठेव. माह्या सासूसारखी हाय, कोनाच्या दारातून ये-जा न करनारी.”

पल्लूनं हसत हसत ठेवलं.

परीक्षा भर दुपारी. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. त्यातून परीक्षा घेणारे कंपनीचे सर लॅपटॉपचा स्क्रीन पाहत होते. मोबाइलचं नेट त्याचं स्वतःचं. सुरुवातीलाच पोरगी चुकली. ब्रिज केला तो वायफायवर, आणि सगुणेला काही पत्ता मिळेना. पल्लूनं दोनदा करून पाहिलं. मग एकदम तिच्या लक्षात आलं. “आजी, वायर लाव!” मी धावत बाहेरच्या खोलीत गेले, लॅपटॉपच्या वायरीचं टोक राउटरला खोचलं. पत्ता मिळाला!

“आता लॅपटॉपवरून तिला पिंग करा,” सर म्हणाले. पिंग म्हणजे हाक मारून बघायची, ओ येते का.

पहिली हाक… उत्तर नाही. दुसरी… नाही. तिसरीला उत्तर आलं.

“सुरुवातीला होतं असं. पुन्हा करा.”

पुन्हा तेच. दोन रिकाम्या, तिसरीला ओ. पल्लूनं माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला, उगाच.

“ठीक आहे. आता ती मशीन बंद करा आणि पिंग करा. उत्तर यायला नको.”

तिनं मशीन बंद केली. स्क्रीनवरची तिची खिडकी मिटली. हाक मारली.

पहिली… दुसरी…

तिसरीला उत्तर आलं. आणि मग येतच राहिलं, ओळीखाली ओळ.

सरांचा आवाज बदलला. “त्या पत्त्यावर दुसरं काहीतरी जोडलंय तुम्ही. कोण मदत करतंय?”

“कोणीच नाही सर! घरात फक्त आजी आहे.”

“मग दाखवा शोधून. नाहीतर इथंच थांबू आपण.”

पल्लूनं वायफाय बंद केलं. ओळी चालूच. “आजी, वायर काढ व! राउटरमधून काढ!”

मी वायर उपटली आणि टोक मुठीत धरूनच आत आले. हे मी शपथेवर सांगते… टोक माझ्या मुठीत होतं. लॅपटॉप जगातल्या कुठल्याच वस्तूला जोडलेला नव्हता. आणि स्क्रीनवर उत्तर येत होतं. थांबत नव्हतं. कोणी दारात येऊन उभं राहावं, तसं.

पल्लू रडायच्या बेतात. “आजी, काहून होऊन राह्यलं हे?”

आयुष्यभर सगळ्यांना हसलेली बाई मी, लॅपटॉपसमोर पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, “आत्याबाई… पोरीनं उगाच हाक मारली. काही काम नाही. जा तुमी.”

पुढची ओळ आली नाही. त्याच्या पुढचीही नाही.

मग सरांनी विचारलं, “आजी काय म्हणाल्या? आणि हे थांबलं कसं?”

पल्लू काहीतरी ठोकून देऊ शकली असती. तिला चार कारणं तोंडपाठ होती. पण ती म्हणाली, “सर, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

“मी पण पाहिलंय,” ते हळूच म्हणाले. “मलाही माहीत नाही.”

नोकरी मिळाली. घराला कुलूप लागलं नाही. ओळखीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना विचारलं. कोणी म्हणतं जुना पत्ता लक्षात राहिला असेल, कोणी म्हणतं शेजारचा मोबाइल. वायर माझ्या मुठीत होती म्हटलं की सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात.

ती मशीन पल्लूनं पुसून टाकली. आता कंपनीसाठी तशाच दुसऱ्या मशीनी तयार करते, रोज. परवा मी चहा घेऊन गेले तर काम संपवत होती. मशीन बंद केली, खिडकी मिटली, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, “काही काम नाही. जा तुमी.”

मी हसले नाही.