भागूबाईची नऊ वर्षं

चाळीस वर्षं मास्तरकी केली. खोटं बोलणाऱ्या पोरांच्या हातावर छड्या ओढल्या. शेवटी आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. ती शाल आता मी कपाटात सगळ्यात खाली ठेवली आहे, कारण तिच्याकडे बघायची मला लाज वाटते.

मी काकासाहेब. उस्मानपुऱ्यात मुलाकडे राहतो. वय नव्वद. गुडघे गेले, कान गेले, राग तेवढा शाबूत. गेल्या हिवाळ्यात सगीरा नावाची तरुण डॉक्टर घरी आली. नव्वदी ओलांडूनही जी माणसं धडधाकट आहेत, त्यांचा ती अभ्यास करत होती. म्हातारपण या लोकांकडे उशिरा का येतं, त्यांच्या खाण्यात असतं की रक्तात, हे तिला शोधायचं होतं. मी म्हटलं, "अहो, नशिबात असतं!" ती हसली. म्हणाली, "गुरुजी, नशीब नंतर बघू. माझं आधी वयापाशीच अडतं. लोक शंभर सांगतात आणि निघतात ऐंशी. म्हणून मला कागदही लागतो आणि साक्षीदारही लागतो."

तिनं पिशवीतून एक छायाप्रत काढली. एकावन्न सालची मतदार यादी होती. अक्षर माझं, खाली नावही माझंच होतं. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. भागूबाई, नवऱ्याचं नाव बन्सी, वय एकवीस.

"म्हणजे आज ब्याण्णव. माझ्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांत याच ठणठणीत. यादी तुम्हीच केली होती ना? मग या फॉर्मवर एवढी सही द्या."

सही करून मोकळा झालो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण पेन उचलवेना. म्हणालो, "तिच्यासमोर करतो." यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

यादी केली तेव्हा पोलिस ॲक्शनला तीन वर्षं झाली होती. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून, त्यामुळे मराठीत चार ओळी नीट लिहिणारा माणूस शोधावा लागे. म्हणून एकोणिसाव्या वर्षीच मला चिकलठाण्याच्या पलीकडच्या एका गावात मास्तर म्हणून नेमलं. ते गाव आता शहरानं गिळलंय. दोन वेळचं जेवण पाटलाच्या घरी. पहिल्या निवडणुकीची यादी करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. बायकांची नावं कुणी सांगेना. बन्सीच्या दारात मी वैतागून ओरडलो, "अरे, तुझ्या बायकोला नाव आहे की नाही?" तशी आतून एक पोर पळत आली, मुठीत सागरगोटे घेऊन.

"भागू! मी भागू!"

वय विचारलं. म्हणाली, "माय म्हणती, बारा सरून तेरावं लागलं."

बन्सी तिशीचा. एवढ्या लहान पोरीशी लग्न हा नव्या कायद्यानं गुन्हा होता. पाटील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लिव्हा एकवीस, मास्तर. एक मत वाढंल अन् लग्नाचा बोभाटाबी व्हायचा नाय." मी लिहिलं. मताचं वय तेव्हा एकवीस; मला स्वतःला अजून मत नव्हतं, आणि बारा वर्षांच्या पोरीला मी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी केली. मग पाटलाकडे जाऊन पोटभर जेवलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज स्वतःला माफही केलं असतं. पण दोन वर्षांनी भागूचं पहिलं बाळंतपण झालं. मूल गेलं, ती कशीबशी वाचली. तोवर तिला आईबाप राहिले नव्हते. मामा होता, सांडू नावाचा. तो फुलंब्रीकडून चालत आला आणि चावडीवर उभा राहून म्हणाला, "पोर कवळी हाय. चार वर्सं माझ्यापाशी राहू द्या, मग मीच आणून घालतो." पाटलानं यादी मागवली. सांडूला वाचता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं हात जोडले. "मास्तर, तुमी शाळंतलं माणूस. तुमीच सांगा, ही बाई हाय का लेकरू?"

सगळी चावडी माझ्या तोंडाकडं बघत होती. भागू खांबाला धरून उभी होती. मी म्हणालो, "यादीप्रमाणे तेवीस पूर्ण आहेत."

सांडू एकटाच परत गेला. वर्षभरात मी बदली मागून घेतली. पळालो, असं म्हणायला हरकत नाही.

भागूचं पुढचं आयुष्य मला ऐकूनच कळत गेलं. सहा बाळंतपणं, त्यातली तीन लेकरं जगली. ती पस्तिशीची व्हायच्या आत बन्सी गेला. मग तिनं विहिरीकाठच्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर लावली आणि डोक्यावर पाटी घेऊन पहाटे छावणीच्या बाजारात जायला लागली. तीस-पस्तीस वर्षं, रोज पायी. तिन्ही लेकरांना तिनं शाळेत घातलं.

सगीराच्या गाडीतून मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती ओसरीवर लसूण सोलत होती. मला ओळखलं. "गुरुजी, बसा," एवढंच म्हणाली. सगीरानं मुठीचा जोर मोजला, ओसरीवरून चालायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. भागूबाईनं पाचही सांगितले, वर "अजून इचार," म्हणाली. मग हात न टेकता जमिनीवरून उठून दाखवलं. मी खुर्चीतून उठताना दोघांना हाक मारतो.

सगीरा हरखून गेली होती. "गुरुजी, आधी घेतलेल्या रक्ताच्या तपासण्या, चाल, ताकद, सगळं एकच सांगतंय. यांचं शरीर कागदावरच्या वयापेक्षा आठ-दहा वर्षांनी तरुण आहे! ही वर्षं यांनी कुठून वाचवली, तेच मला शोधायचंय."

माझ्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. आठ-दहा नाही, नेमकी नऊ. त्या पोरीची कुठलीच वर्षं वाचली नव्हती. मीच नऊ खोटी वर्षं तिच्यावर चढवली होती, आणि तिची खरी, खेळायची वर्षं काढून घेतली होती. आता त्यावर विज्ञान उभं राहणार होतं आणि खाली माझी सही असणार होती.

"शोधू नका," मी म्हणालो. "वय खोटं आहे. मी लिहिलं होतं, माहीत असून. त्या त्र्याऐंशीच्या आहेत." मग यादीचं, पाटलाचं, चावडीचं सगळं सांगितलं.

सगीरानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, मग तुम्ही माझ्या अभ्यासात बसत नाही."

"नाय तर नाय," भागूबाई म्हणाली. लसूण सोलणं थांबलं नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला सारं ठावं व्हतं, गुरुजी. महं वय मला ठावं नसंल व्हय? पण मामा गेला तो म्या फसवलं असं समजून गेला. म्हणला, मास्तर खोटं कशाला बोलंल, पोरीनंच वय चोरलं माझ्यापून. परत कधी आला नाय. हे तुमी त्येच्यासमोर बोलायचं व्हतं."

मी माफी मागितली. ती ऐकल्यासारखं तिनं दाखवलं नाही.

सगीरा फॉर्मवर वय खोडायला लागली, तेव्हा मात्र भागूबाईनं तिचा हात धरला. "तू नको. पयलं त्येंनी लिव्हलं व्हतं, आताबी त्येंनाच लिव्हू दे."

मी पेन घेतलं. ब्याण्णव खोडलं, शेजारी त्र्याऐंशी लिहिलं, खाली सही केली. कागद मी भागूबाईपुढं धरला. तिनं तो घेतला, उलटसुलट बघितला. तिला वाचता येत नव्हतं. तिच्याच गावात तीन वर्षं शाळा चालवून मी तिला एक अक्षरही शिकवलं नव्हतं.

तिनं कागद सगीराच्या हातात दिला.

"तू वाच गं पोरी. बघ, गुरुजींनी खरंच त्र्याऐंशी लिव्हलंय का."